डी.फार्म. आणि त्यातले 500 तास: विदर्भातल्या खेड्यातून फार्मासिस्ट होताना

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरपाशी एखादा बाप मुलाला किंवा मुलीला घेऊन उभा राहतो आणि विचारतो, "भाऊ, मेडिकलचं लायसन्स काढायचं तर कोणता कोर्स करावा लागते?" या एका प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. अभ्यासक्रम महाविद्यालयात होतो. औषध देण्याचा वैयक्तिक अधिकार राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नाव नोंदवल्यावर मिळतो. आणि दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते. हा क्रम आधीच नीट समजून घेतला, तर चुकीच्या ठिकाणी पैसे भरण्याची वेळ येत नाही.

अमेरिकेसारख्या देशात फार्मसी टेक्निशियन हा फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणारा, मान्यता असलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे कायद्यात अशी मधली पायरी नाही. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचा किंवा मोजून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. त्यामुळे काही महिन्यांत 'फार्मसी असिस्टंट' किंवा 'टेक्निशियन' करून देणारे जे वर्ग बसस्टँडच्या भिंतीवर जाहिराती लावतात, त्यांचे प्रमाणपत्र घेऊन दुकानात मदतनीस म्हणून काम मिळू शकते, परंतु कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही आणि पुढे स्वतःचे दुकान काढण्यासाठी त्या कागदाचा काही उपयोग होत नाही. नोंदणीपर्यंत नेणारा सर्वांत लहान अभ्यासक्रम म्हणजे डी.फार्म., ही दोन वर्षांची पदविका.

बारावी, कागदपत्रे आणि महाविद्यालयाची निवड

डी.फार्म.साठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन विषय अनिवार्य आहेत आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक असावा लागतो. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, बी.फार्म. या पदवीला लागते तशी सीईटी येथे लागत नाही. प्रवेशाची केंद्रीय प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय राबवते आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते.

खेड्यातल्या मुलांचा प्रवेश गुणांपेक्षा कागदांवर अधिक वेळा अडतो. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हे सारे निकालानंतर जमवायला निघालो, तर सेतू केंद्रावर रांग असते आणि वैधतेला तर कित्येक महिने जातात. म्हणून जात वैधतेचा अर्ज अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत टाकावा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी असलेला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, तसेच अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना यांपैकी आपल्याला काय लागू पडते, हे प्रवेशाचा अर्ज भरतानाच पाहावे. सर्वसाधारणपणे हे लाभ केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना मिळतात. संस्थेच्या कोट्यातून थेट प्रवेश घेणाऱ्या पालकाला ही गोष्ट बहुधा पैसे भरून झाल्यावर कळते.

विदर्भात अमरावतीला शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. खासगी महाविद्यालये तर आता तालुक्यातालुक्यात दिसतात. त्यांपैकी कोणतेही निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा, की फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता या शैक्षणिक वर्षासाठी आहे का. कौन्सिलची मान्यता नसलेल्या संस्थेतून मिळालेल्या पदविकेवर नोंदणी होत नाही. भव्य इमारत आणि गणवेश यांवरून मत बनवू नये. प्रयोगशाळेत जाऊन बाटल्यांवर धूळ आहे की हाताचे डाग आहेत, एवढे पाहिले तरी तेथे प्रात्यक्षिके होतात की नाही याचा अंदाज येतो. गावापासून रोज एसटीने जाता येईल का, याचाही विचार व्हावा, कारण 75 टक्के हजेरीची अट असते आणि कपाशी वेचण्याच्या हंगामात घरून बोलावणे येतेच.

दोन वर्षांचा अभ्यास

सध्याचा अभ्यासक्रम 2020 च्या शिक्षण नियमावलीप्रमाणे चालतो. पहिल्या वर्षी औषधनिर्मिती, औषधी रसायनशास्त्र, औषधी वनस्पतींचा अभ्यास, शरीररचना व शरीरक्रिया आणि सामाजिक फार्मसी हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करते याचा अभ्यास), कम्युनिटी फार्मसी व व्यवस्थापन, जैवरसायनशास्त्र व क्लिनिकल पॅथॉलॉजी, फार्माकोथेराप्युटिक्स (कोणत्या आजारावर कोणते औषध), हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसी आणि औषधविषयक कायदे व नीतिशास्त्र येतात. पहिल्या वर्षीचे शरीरक्रियाशास्त्र कच्चे राहिले तर दुसऱ्या वर्षीची फार्माकॉलॉजी नुसती पाठ करावी लागते. म्हणून सुरुवातीला वेळ तेथे द्यावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना खरी धाकधूक इंग्रजीची असते. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. दोनशे पानी वहीचे उभे तीन रकाने करावेत. पहिल्यात औषधाचे मूळ नाव, दुसऱ्यात ते शरीरात काय करते हे आपल्या मराठीत, आणि तिसऱ्यात आपल्या गावच्या मेडिकलमध्ये ते कोणत्या ब्रँडने विकले जाते ते. रोज पाच औषधे लिहिली तर वर्षभरात परीक्षेला आणि काउंटरला पुरेल इतकी नावे डोळ्यांखालून जातात. मूळ नाव आधी आणि ब्रँड नंतर हा क्रम मात्र मोडू नये, कारण ब्रँड बदलतात आणि एकाच मूळ औषधाचे तीन ब्रँड एकाच रुग्णाच्या पिशवीत सापडणे ही रोजची गोष्ट आहे.

500 तासांचे प्रशिक्षण

दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिल्यानंतर किमान तीन महिन्यांत मिळून 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण करावे लागते आणि त्यातले निदान 250 तास चिठ्ठीवरची औषधे देण्याच्या कामात जावे लागतात. रोज आठ तास धरले तर हे 63 दिवसांचे काम आहे. या दिवसांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण अनेक ठिकाणी ते कागदावरच पूर्ण होतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याचा शिक्का, सही, आणि मुलगा तोवर गावी तुरीच्या वावरात. पुढे पहिल्या नोकरीत त्याच्या हातात चिठ्ठी येते, तेव्हा शेजारी विचारायला कोणी नसते.

प्रशिक्षणाची जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तेथे नोंदणीकृत फार्मासिस्ट दिवसभर स्वतः हजर असावा, शेजारी किंवा वर एखादा दवाखाना असावा म्हणजे खऱ्या चिठ्ठ्या येतात, आणि मालकाने पहिल्या दिवसापासून केवळ खोकी फोडायला लावू नये. शक्य असल्यास निम्मे तास ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात आणि निम्मे खासगी दुकानात काढण्याची परवानगी महाविद्यालयाकडून घ्यावी. दोन्हीकडचे शिकणे वेगळे आहे.

पहिला आठवडा कपाटे समजून घेण्यात घालवावा. मांडणी आद्याक्षरांनी आहे, कंपनीनुसार आहे की गोळ्या, सिरप, मलम अशी आहे, ते ओळखावे. आलेला माल बिलाशी ताडून पाहणे, बॅच नंबर आणि एक्सपायरी टिपणे, आणि ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवणे, हे काम रोज हाताने करावे. नाव सारखे दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या औषधांची वेगळी यादी करून खिशात ठेवावी.

दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठी वाचायला बसावे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने औषध देऊ नये. डॉक्टरला फोन करावा. यात कमीपणा नाही, आणि ज्या डॉक्टरला तो फोन आवडत नाही, त्याच्या चिठ्ठीसाठी तर तो जास्तच करावा.

हिशेबाचा सराव याच काळात पक्का व्हायला हवा, विशेषतः लहान मुलांच्या औषधांचा. समजा दहा किलोच्या मुलाला किलोमागे 15 मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी 150 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे आहे. पाच मिलीत 125 मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ते सहा मिली होते, पाच मिलीत 250 मिलिग्रॅम असलेले असेल तर तीन मिली, आणि एका मिलीत 100 मिलिग्रॅम असलेले थेंबाचे औषध असेल तर केवळ दीड मिली. तिन्ही बाटल्या एकाच कप्प्यात शेजारी उभ्या असतात. मी शिकत असताना एका आईला "पाच मिली द्या" एवढेच सांगितले होते. ती दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा कळले की तिने घरातल्या भाजीच्या चमच्याने मोजले होते. तेव्हापासून मापाच्या टोपणावर पेनाने खूण केल्याशिवाय मी बाटली हातात देत नाही. पावडरच्या रूपात येणाऱ्या अँटिबायोटिक सिरपमध्ये उकळून थंड केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचे असते आणि तयार झालेले औषध लेबलावर दिलेल्या दिवसांत, बहुधा सात दिवसांत, संपवायचे असते, हेही पालकाला करून दाखवावे.

इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक जागा घातक आहे. आपल्याकडे एका मिलीत 40 युनिट असलेली व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, आणि एका मिलीत 100 युनिट असलेली व्हायल अशा दोन्ही मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात; 40 युनिटच्या सिरिंजला लाल टोपण असते, 100 युनिटच्या सिरिंजला नारिंगी. 100 युनिटचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेषेपर्यंत ओढले तर दहाऐवजी 25 युनिट शरीरात जातात आणि रुग्णाची साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. व्हायल आणि सिरिंज नेहमी एकत्र द्यावी आणि दोन्हींवरचा आकडा रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवावा.

उन्हाळा हा विदर्भातल्या प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय मानायला हवा. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर 25 किंवा 30 अंशांच्या आत ठेवा असे छापलेले असते. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि गुदद्वारातून द्यायच्या सपोझिटरी वितळतात. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश तापमान राहते का, ते आतल्या थर्मामीटरवर सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत लिहावे. भारनियमनाच्या वेळी फ्रिज उघडू नये आणि इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात तर कधीच ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी निकामी झालेले असते. ज्या रुग्णाच्या घरी फ्रिज नाही, त्याने वापरात असलेली व्हायल पाणी शिरणार नाही अशा डब्यात घालून मातीच्या ओल्या भांड्यात, सावलीत ठेवावी, असे समजावून सांगावे.

तिसऱ्या आठवड्यापासून रुग्णाशी बोलायला शिकावे. पुस्तकात "दिवसातून तीनदा जेवणानंतर" असे लिहिलेले असते, परंतु निंदणाच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी भाकर खाऊन वावरात जाते आणि थेट रात्री जेवते. तेव्हा "आजी, जेवता कितीदा आणि केव्हा?" हा पहिला प्रश्न असावा आणि तिसरी गोळी कशासोबत घ्यायची ते तिच्या दिवसाप्रमाणे ठरवून द्यावे, कारण अंगदुखीची गोळी उपाशीपोटी घेण्याची सवय इकडे फार आहे. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढावा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू, मोहाची असली तरी, पूर्ण बंद ठेवावी, ही वाक्ये न लाजता बोलता आली पाहिजेत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळ-वाशिमकडे बंजारा, यांतले "उपाशी", "जेवून", "सकाळ", "रात्र" एवढे शब्द जरी आले तरी निम्म्या चुका टळतात.

आपल्या भागाचे आजार आपल्या वहीत असावेत. गडचिरोलीत मलेरिया आहे. व्हायवॅक्स प्रकारात ताप क्लोरोक्विनच्या तीन दिवसांत उतरतो आणि रुग्ण प्रायमाक्विनच्या गोळ्या सोडून देतो, तर त्या 14 दिवस घ्यायच्या असतात. गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, हे देणाऱ्याच्या लक्षात असायलाच हवे. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण येतात, त्यांच्या हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडमध्ये खंड पडता कामा नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीच्या दिवसांत डोळ्यांतून पाणी, मळमळ, चक्कर, धाप अशी तक्रार घेऊन कोणी काउंटरवर आला तर त्याला डोकेदुखीची गोळी देऊन परत पाठवू नये. कीटकनाशकाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत देऊन ताबडतोब रुग्णालयात रवाना करावे.

उरलेल्या दिवसांत कायद्याच्या वह्या शिकाव्यात. शेड्यूल एचमधली औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच1 यादीतली औषधे, म्हणजे वरच्या दर्जाची काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची काही औषधे आणि सवय लावणारी काही औषधे, विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. हे रजिस्टर रात्री दुकान बंद करताना आठवून भरण्याची रीत पाहायला मिळाली, तर ती शिकू नये. किराणा दुकानात डोकेदुखीची गोळी कशी मिळते, असा प्रश्न गावात हमखास निघतो. एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात पॅरासिटामॉल, बाम अशी ठरावीक घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची सूट औषध नियमांच्या शेड्यूल केमध्ये आहे, एवढेच त्याचे उत्तर. अँटिबायोटिकला ती सूट नाही.

परीक्षा, नोंदणी आणि पुढे

2022 च्या नियमांनी डी.फार्म. उत्तीर्णांसाठी नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षा आणली आणि ती पहिल्यांदा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. तीन पेपर, बहुपर्यायी प्रश्न, माध्यम इंग्रजी, आणि प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के. तिन्ही पेपर एकाच प्रयत्नात सुटावे लागतात, मात्र प्रयत्नांच्या संख्येला मर्यादा नाही. आपल्या तुकडीला कोणती अट लागू आहे, हे महाविद्यालयाच्या सांगण्यावर न सोडता कौन्सिलकडूनच विचारून घ्यावे. त्यानंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करून नोंदणी क्रमांक मिळतो. दुकानात काम करताना पांढरा कोट आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावा, असे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत म्हटले आहे, आणि पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करण्याची अपेक्षाही त्यातच आहे.

नोंदणी हातात आली की गावोगावचे लोक एक प्रस्ताव घेऊन येतात: प्रमाणपत्र आमच्या दुकानात टांगा, महिन्याला रक्कम घ्या, येण्याची गरज नाही. तो स्वीकारू नये. त्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी भिंतीवरच्या नावावर असते, तपासणीत गैरहजेरी आढळली की दुकानाच्या परवान्यासोबत आपली नोंदणीही अडचणीत येते, आणि घर चालवायला आलेला हा पैसा कितीही गरजेचा वाटला तरी तो नोकरीच्या पगारापेक्षा नेहमी कमीच असतो.

सरळ वाटा पुरेशा आहेत. खासगी मेडिकल किंवा रुग्णालयाची फार्मसी ही पहिली. दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याची. तिची भरती जिल्हा परिषद आणि आरोग्य विभागाच्या परीक्षांतून होते आणि तेथे ई-औषधी प्रणालीवर साठ्याची नोंद, लसींची शीतसाखळी आणि प्रसूतिगृहाचे ऑक्सिटोसिन सांभाळावे लागते. तिसरी स्वतःच्या दुकानाची. किरकोळ विक्रीसाठी किमान दहा चौरस मीटर जागा, फ्रिज आणि फार्मासिस्टची नोंदणी दाखवून फॉर्म 20 व 21 मधला परवाना घ्यावा लागतो. जनऔषधी केंद्रासाठीही डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेली व्यक्ती लागते. ज्यांना आणखी शिकायचे आहे, त्यांना डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि 500 तास ज्यांनी खरोखर काउंटरवर काढलेले असतात, त्यांना तेथे फार्माकॉलॉजी नव्याने पाठ करावी लागत नाही.